पॅड सोडून कप: सोलापूरच्या पाण्यात आणि सोलापूरच्या उन्हात

आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येतं. उजनी भरलेली असो की तळाला गेलेली, आमचा पाण्याचा दिवस ठरलेला. त्या दिवशी पिंप, बादल्या, कळशा भरायच्या आणि पाणी अजून येत असलं तर कुकरसुद्धा भरून ठेवायचा. पुढचे दिवस कुठलं पाणी कशाला जाणार, हे घरातल्या बाईला तोंडपाठ असतं. त्यात पाळी आली की सगळा हिशेब कोलमडतो. माझी आई विडी वळायची आणि कापडाच्या घड्या वापरायची. त्या धुवायला रोज अर्धी बादली तरी लागायची. वाळत कुठे घालायच्या, तर मोरीच्या कोपऱ्यात, दुसऱ्या फडक्याखाली, जिथे ऊन कधी पोचायचंच नाही. मी पॅडवर आले तेव्हा धुणं सुटलं. पण मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की मांड्यांना काचायचं, पुरळ उठायचं, आणि वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून घंटागाडी येईपर्यंत कुठेतरी लपवून ठेवावं लागायचं.

गेली सात वर्षं मी पाळीचा कप वापरते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी कामाला आहे. शिलाईला आणि पॅकिंगला बसणाऱ्या बायका डबा खाताना जवळ सरकतात आणि आवाज उतरवून विचारतात, "ताई, ते रबराचं काय तरी तुम्ही वापरता म्हणं, खरं हाय का?" सात वर्षांत हे प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की कुठला प्रश्न कुठल्या भीतीतून येतो तेही आता कळतं. मी डॉक्टर नाही. स्वतः वापरून, वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे पक्कं कळलं तेवढंच इथे सांगते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. बहुतेक जणी कप सोडून देतात त्या पहिल्या किंवा दुसऱ्या महिन्यात. कप खराब होता म्हणून क्वचितच. आपल्या शरीराची आतली रचना आपल्याला कुणी कधी सांगितलेलीच नसते, आणि अंधारात चाचपडत कुलूप उघडावं तसं आपण कप वापरायला जातो.

वस्तू कशी असते

घंटा उलटी धरली तर दिसेल तसा हा छोटा कप असतो. मऊ, दाबला तर मुठीत मिटतो, सोडला की परत उघडतो. बहुतेक कप वैद्यकीय वापराच्या सिलिकॉनचे असतात. उंची पाचेक सेंटिमीटर, तोंड चार-साडेचार सेंटिमीटर रुंद, बुडाला धरायला एक छोटी दांडी, आणि वरच्या कडेखाली सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. आकाराप्रमाणे १५ ते ३० मिलिलिटर रक्त त्यात मावतं.

पॅड रक्त शोषतं, कप ते साठवतो. सगळा फरक याच्यातून निघतो. पॅडमध्ये लाकडाचा लगदा असतो, पाणी धरून ठेवणारी रासायनिक पूड असते आणि खाली प्लॅस्टिकचा थर. तो ओलावा तासन्‌तास कातडीला लागून राहतो, वर घाम, वर आठ-नऊ तास मशीनवर बसून काम. कपात रक्त शरीराच्या आतच जमा होतं, बाहेरची कातडी कोरडी राहते. रक्ताला हवा आणि घाम लागत नाही, म्हणून तो ओळखीचा वासही जवळजवळ येत नाही.

ही वस्तू नवी आहे असं आपल्याला वाटतं. पण लिओना चामर्स नावाच्या अमेरिकन अभिनेत्रीने १९३७ साली रबराच्या कपाचं पेटंट घेतलं होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात रबराचा तुटवडा पडला आणि कप मागे पडला. सिलिकॉन आल्यावर त्याचे दिवस पालटले.

बंद बोळ

आता आतल्या रचनेकडे येते. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

खाली तीन वाटा असतात. पुढे लघवीची, मधे योनीमार्ग, मागे शौचाची. दोन मुलांच्या आया असलेल्या बायकाही मला विचारतात, "कप घातल्यावर लघवीला कसं व्हायचं?" लघवी आणि पाळी एकाच वाटेने येते असा समज घेऊन आपल्याकडे बायका पन्नाशी गाठतात. त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. कप घालून लघवीला जाता येतं, शौचालाही जाता येतं. शौचाला जोर केल्यावर कप थोडा खाली सरकतो एवढंच. हात धुऊन तो परत वर सारायचा.

योनीमार्ग साधारण ७ ते १० सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे आपल्या मधल्या बोटाएवढा. तो नळासारखा उघडा नसतो. रिकाम्या कापडी पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटलेल्या असतात तशा त्याच्या भिंती मिटलेल्या असतात. आणि तो सरळ वर जात नाही, तिरका मागे जातो, माकडहाडाच्या दिशेने. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. आपण कप सरळ वर ढकलतो, तो भिंतीवर आपटतो, दुखतं, आणि आपण म्हणतो, "माझी जागाच लहान आहे." जागा लहान नसते. दिशा चुकलेली असते.

या मार्गाच्या टोकाला गर्भाशयाचं तोंड असतं. बोट लावलं तर नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, थोडं कडक, मधे खळगा. त्याचं भोक इतकं बारीक असतं की त्यातून रक्त ठिबकतं, पण कप जाणं शक्य नाही. म्हणजे हा बंद बोळ आहे, पुढे रस्ताच नाही. "आत हरवला तर? पोटात गेला तर?" या प्रश्नाचं उत्तर हेच. वर सरकला तरी तो त्या बोटभर जागेतच असतो.

कप विकत घेण्याआधी एक काम करा. पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी हात स्वच्छ धुवा, उकिडवं बसा आणि मधलं बोट मागच्या दिशेने हळूच आत न्या. नाकाच्या शेंड्यासारखं काही एका पेरावरच लागलं तर तुमचं गर्भाशयाचं तोंड खाली आहे. मग बुटका कप घ्यायचा. पूर्ण बोट गेलं तरी लागत नसेल तर लांब कप चालतो. कंपन्या खोक्यावर वय आणि बाळंतपण पाहून छोटा-मोठा आकार सांगतात, तो अंदाजापुरता ठीक आहे. पण एका कंपनीचा छोटा दुसऱ्या कंपनीच्या मध्यमाएवढा असतो, त्यामुळे आपलं पेर मोजणं जास्त उपयोगाचं. माझ्या जाऊबाईंनी खोक्यावरचं वाचून मोठा कप घेतला आणि दिवसभर दांडी टोचते म्हणून कपाटात टाकून दिला. दीड वर्षाने पेर मोजल्यावर कळलं, त्यांचं गर्भाशयाचं तोंड अगदी खाली आहे. बुटका कप घेतला आणि पहिल्या दिवसापासून बसला.

घालणं सोपं, काढणं शिकावं लागतं

हात साबणाने धुवायचे, नखं कापलेली हवीत. कप पाण्याने ओला करायचा. मग घडी घालायची. तोंड दाबून चपटं करून मधोमध दुमडलं की एक घडी होते. दुसरी मला जास्त सोपी वाटते. कडेचा एक भाग बोटाने आत, बुडापर्यंत दाबायचा, की कपाचं तोंड कळीसारखं निमुळतं होतं. भारतीय संडासावर बसतो तसं उकिडवं बसायचं. श्वास सोडताना अंग सैल पडतं, त्या वेळी माकडहाडाच्या रोखाने कप आत न्यायचा आणि सोडायचा. तो उघडला की बऱ्याचदा बारीकसा 'टप्प' जाणवतो. बुडाभोवती बोट फिरवून बघायचं. गोल लागलं तर उघडलाय, कुठे खड्डा लागला तर घडी अजून मिटलेलीच आहे. मग बुड चिमटीत धरून थोडं फिरवायचं. नीट बसलेला कप जाणवत नाही. जाणवत असेल तर तो बहुतेक वेळा खाली राहिलेला असतो किंवा उघडलेला नसतो.

काढणं मात्र मला पहिल्यांदा जमलं नव्हतं, आणि तो अर्धा तास मी विसरलेले नाही. रविवारची दुपार, मोरीचं दार लावलेलं, बाहेर मुलगा दार वाजवतोय. मी दांडी धरून ओढली. हलेना. जोरात ओढली तर आत कळ आली. घाबरून अंग आवळलं, तसा कप आणखी वर चढला आणि दांडीही हाताला लागेना. त्या क्षणी मला दवाखान्याचं टेबल दिसायला लागलं होतं. शेवटी उठले, पाणी प्यायले, पंख्याखाली बसून राहिले. मग मावसबहिणीला फोन केला. तिने एकच वाक्य सांगितलं: "गरम भाजी भरून झाकण लावलेला डबा कसा उघडतेस?"

गरम भाजीचा डबा निवला की झाकण घट्ट बसतं. वर कितीही ओढा, येत नाही. झाकणाची एक कड उचलून हवा आत जाऊ दिली की अलगद सुटतं. कपाचं अगदी तेच आहे. आतून भिंतीला तो हवेच्या ओढीने धरून असतो. दांडी ही फक्त बुडापर्यंत पोचायची खूण आहे. तिला धरून ओढायचंच नाही. उकिडवं बसून शौचाला करतो तसा हलका जोर करायचा, कप आपोआप खाली येतो. अंगठा आणि तर्जनीने बुड दाबायचं. फस्स असा आवाज येतो, म्हणजे हवा गेली, पकड सुटली. मग जरा डावीकडे, जरा उजवीकडे झुकवत, तोंड वरच ठेवून बाहेर घ्यायचा. त्या दिवशी हे समजल्यावर मला पाऊण मिनिट लागलं.

पहिला प्रयोग सुट्टीच्या दिवशी करा, घरी, घाई नसताना. पाळी नसताना करून बघू नका, तेव्हा आत कोरडं असतं आणि उगाच दुखतं. पहिल्या एक-दोन पाळ्यांत सोबत पॅड किंवा कापड लावा, कारण डाग पडणारच. २०१९ साली 'द लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात ३,३१९ मुली-बायकांची माहिती होती. कपातून गळण्याचं प्रमाण पॅडइतकंच किंवा कमी आढळलं. कपाची सवय झालेल्या दहापैकी सातजणींना तो पुढेही वापरायचा होता. सवय व्हायला काही पाळ्या जातात, हेही त्यातल्या अभ्यासांत दिसलं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, तीन पाळ्या द्या, आणि नाही जमलं तर खुशाल सोडा. न जमणं हा काही गुन्हा नाही.

भीती, खरी आणि खोटी

पडद्याचा प्रश्न सगळ्यात हळू आवाजात येतो. बहुतेक वेळा विचारणारी स्वतःसाठी विचारत नसते, लेकीसाठी विचारत असते. योनीमार्गाच्या तोंडाशी पातळ, लवचिक कातडीची कड असते. प्रत्येकीची वेगळी, काहींना जन्मतःच नावापुरती. कपाने ती ताणली जाऊ शकते, थोडी फाटूही शकते, हे मी लपवत नाही. पण तिच्यावरून कुणाचं कौमार्य ओळखता येतं हे साफ खोटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली म्हटलंय की कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही आणि ती बंद व्हायला हवी. आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ साली 'कौमार्याची लक्षणं' हा भाग डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकला. जे भावी डॉक्टरांना शिकवायचं बंद झालं ते आपण घरात मुलींना शिकवत बसू नये, असं मला मनापासून वाटतं. मात्र कप वापरायचा की नाही हे त्या मुलीने ठरवायचं. आईला पटलं म्हणून तिच्या गळ्यात मारायचा नाही.

खरी भीती वेगळी आहे. ती दुर्मीळ आहे, पण माहीत हवीच. स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूच्या विषाने होणारा एक गंभीर आजार आहे, टॉक्सिक शॉक सिंड्रोम. १९८० च्या आसपास अमेरिकेत जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे, म्हणजे योनीमार्गात घालायच्या शोषक बोळ्यांमुळे, त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. लॅन्सेटच्या त्या आढाव्यात कप वापरणाऱ्यांमध्ये अशा ५ घटनांची नोंद आहे. पाळीत अचानक जोराचा ताप, उन्हाने भाजल्यासारखं लाल पुरळ, उलट्या-जुलाब, चक्कर, असं काही झालं तर कप लगेच काढायचा, तडक दवाखाना गाठायचा आणि आत कप होता हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. लाजून गप्प राहायचं नाही. कप आठ तासांनी, फार तर बारा तासांनी रिकामा करायचाच, आणि हात धुतल्याशिवाय त्याला शिवायचं नाही. बचाव यातच आहे.

तांबी बसवली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कपाच्या ओढीने किंवा तांबीचा दोरा चिमटीत आल्याने ती जागेवरून सरकल्याची उदाहरणं आहेत. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतर कित्येकींना तांबी बसवलेली असते आणि बाई ती विसरूनही जाते, म्हणून मुद्दाम सांगतेय. नुकतंच बाळंतपण किंवा गर्भपात झाला असेल, अंग बाहेर येत असेल, पांढरं पाणी जाऊन खाज-जळजळ असेल, किंवा बोट घालतानाही तीव्र वेदना होत असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नको. कप घातल्यावर लघवी अडखळायला लागली किंवा कुशीत कळ आली तरी काढून टाका. चुकीच्या जागी बसलेला कप मूत्रवाहिनीवर दाब आणू शकतो, असे मोजके रुग्ण नोंदले गेलेत.

किती जातं, याचं उत्तर

कपाचा एक फायदा जाहिरातीत फारसा कुणी सांगत नाही. माझ्या लेखी तो सगळ्यात मोठा आहे.

डॉक्टर विचारतात, "अंगावर किती जातं?" आपण म्हणतो, "नेहमीसारखंच." नेहमीसारखं म्हणजे किती? एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर ते जास्त मानतात. पॅड बघून हा आकडा कुणालाही सांगता येत नाही, कारण एक जण थोडं भिजलं की बदलते, दुसरी पूर्ण भिजेपर्यंत थांबते. बऱ्याच कपांवर मात्र रेघा असतात. औषधाच्या टोपणावर असतात तशा.

मावसबहीण मोहोळकडे राहते, वय ४२. वर्षभर दम लागायचा, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. ती म्हणायची, "वयाचं असंल." मी तिला सांगितलं, दर वेळी रिकामा करण्याआधी रेघ बघ आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिही. तिने पेन्सिलीने लिहिलं. एकेका दिवसाची बेरीज अशी निघाली: २५, मग ७५, ६०, २०, १०. पाच दिवसांचे मिळून १९०. ते पान फाडून ती डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, हिमोग्लोबिन ८ च्या खाली. औषधं सुरू झाली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. वीस वर्षं तिला जे नेहमीचं वाटत होतं ते आजारपण होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याची कारणं अनेक आहेत, आहार पहिला. पण जास्त जाणारं रक्त हेही एक कारण आहे, आणि ते मोजलंच जात नाही. जास्त जातंय म्हणून घाबरलेल्या बाईला तिसऱ्याच कुणीतरी "पिशवी काढून टाक" म्हणावं आणि तिने ती काढावी, हे आपल्याकडे किती सहज होतं! बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली विधिमंडळात गाजला होता. हातात पाच आकडे लिहिलेला कागद असलेली बाई डॉक्टरांशी वेगळं बोलते. हे मी बहिणीच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय.

पाणी, पातेलं आणि पांढरा थर

कपाला पाणी किती लागतं? रिकामा करायचा, एक तांब्या पाण्याने आतून-बाहेरून खळखळून धुवायचा, परत घालायचा. दिवसातून दोनदा, म्हणजे दोन तांबे. ज्या गावात पाण्याच्या दिवसावर आठवडा चालतो तिथे याची किंमत वेगळी सांगायला नको. साबण वापरलाच तर साधा, बिनवासाचा, आणि तो पूर्ण निघेपर्यंत धुवायचा. जंतुनाशक, फिनेल, सुगंधी काहीही नको. आतली कातडी नाजूक असते. कडेखालची बारीक भोकं तुंबतात. कपात पाणी भरून तळहाताने तोंड बंद करून दाबलं की भोकांतून बारीक धारा निघतात आणि ती साफ होतात. कामाच्या ठिकाणी सहसा प्रश्न येतच नाही, कारण सकाळी घरी घातलेला कप संध्याकाळी घरीच काढता येतो. आमच्या कारखान्यात साठ बायकांना दोन संडास आहेत, तिथे हे फार मोठं सुख आहे.

पाळी सुरू होताना आणि संपल्यावर कप पाच ते दहा मिनिटं उकळायचा. तळाला टेकला तर करपतो, म्हणून मी चहाची जुनी स्टीलची गाळणी पातेल्यात ठेवते आणि कप तिच्यात. बोअरचं पाणी वापरलं तर दोन-तीन महिन्यांत कपावर पांढरट थर चढतो, आपल्या गीझरच्या कॉइलवर चढतो तसाच. तो जंतूंचा नाही, क्षारांचा असतो. लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात थोडा वेळ ठेवून मऊ ब्रशने घासला आणि परत साध्या पाण्यात उकळला की जातो. पिवळसर डाग राहिले तरी चालतात. पण कप चिकट लागायला लागला, चीर पडली, कड फाटली तर फेकायचा. वाळवून सुती पिशवीत ठेवायचा, हवाबंद डब्यात नाही.

उकळण्यावरून घरात वाद होतो. माझ्या सासूबाईंना गॅसवर ते पातेलं बघवायचं नाही. विटाळ हा शब्द त्या बोलल्या नाहीत, पण चेहऱ्यावर होता. त्यांच्याशी भांडून काही निष्पन्न झालं नसतं. मी बोहारणीकडून एक छोटं पातेलं घेतलं, गाळणीसकट ते वेगळं ठेवलं आणि सकाळी सगळे उठायच्या आधी उकळायला लागले.

पैसे आणि कचरा

पाच दिवस, रोज चार पॅड, एक पॅड सहा रुपयांना धरलं तर महिन्याला १२० आणि वर्षाला १,४४० रुपये होतात. साधा चांगला कप तीनशे ते आठशे रुपयांत मिळतो आणि काळजी घेतली तर पाच-दहा वर्षं टिकतो. माझा एकच कप सात वर्षं चाललाय. तेवढ्या काळात पॅडना दहा हजारांवर रुपये गेले असते. जनऔषधी केंद्रात २०१९ पासून एक रुपयाला पॅड मिळतं, ते आणणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा होईल, आणि तिने ते खुशाल वापरावं. कापडालाही मी नाव ठेवणार नाही. कुटुंब आरोग्याच्या त्याच पाहणीत १५ ते २४ वयाच्या निम्म्या मुलींनी कापड वापरत असल्याचं सांगितलं होतं. साबणाने धुतलेलं आणि कडक उन्हात वाळवलेलं कापड चांगलंच असतं. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, दोरीवर उघड्यावर घालायची मोकळीक नाही, एवढीच अडचण आहे.

कचऱ्याचं मात्र सांगितलंच पाहिजे. महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४० पॅड एका बाईची. २०१६ च्या घनकचरा नियमांतच वापरलेलं पॅड वेगळं गुंडाळून द्या असं सांगितलं होतं. आपण काळ्या पिशवीत ओल्या कचऱ्यातच सारतो. घंटागाडीमागे चालणारी बाई ती पिशवी हाताने फोडते, मग उरलेलं तुळजापूर रस्त्यावरच्या डेपोत जातं. ती बाईसुद्धा महिन्याचे पाच दिवस याच त्रासातून जात असते. पॅड वापरत असाल तर निदान कागदात नीट गुंडाळून त्यावर लाल खूण करून वेगळं द्या, आणि संडासात टाकू नका. जुन्या पेठांतली तुंबलेली ड्रेनेज उपसायला माणूसच उतरतो.

केरळात हे सरकारी पातळीवर करून पाहिलंय. अलप्पुळा नगरपालिकेने 'तिंकळ' नावाच्या प्रकल्पात ५,००० कप वाटले. एर्नाकुलम जिल्ह्यातलं कुंबलंगी गाव जानेवारी २०२२ मध्ये सॅनिटरी पॅडमुक्त म्हणून जाहीर झालं. नुसते कप वाटले असते तर ते कपाटात पडले असते. तिथे आधी बायकांना बसवून, चित्रं दाखवून शिकवलं गेलं. आपल्या विडी कामगार वसाहतींत, यंत्रमाग-टॉवेल कारखान्यांत, आशाताईंना हाताशी धरून हे करता येण्यासारखं आहे, आणि व्हावं अशी माझी फार इच्छा आहे.

तोवर डब्याच्या सुट्टीत मी एक रिकामा कप आणि निवलेल्या भाजीचा डबा घेऊन बसते. मागच्या महिन्यात पॅकिंगमधल्या एका वहिनींची तिसरी पाळी होती. पहिल्या दोन वेळा त्यांना डाग पडला होता आणि त्यांनी "मला नाही जमायचं हे" म्हणून कप परत द्यायला आणला होता. या वेळी जेवताना त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "ताई, आज सकाळी घातलाय. दुपार झाली, मी इसरूनच गेलते."